घड्याळवाल्याच्या खिडकीतलं ऊन

पूल संपला तशा वन्सं थांबल्या. दिव्याच्या खांबाला एक हात टेकून त्यांनी उजव्या पायातला कॅनव्हासचा बूट काढला आणि आत बोटं घातली. घरून निघून बराच वेळ झाला होता. मागे नदी सुस्त पडली होती, पुढे कापडाच्या दुकानांची लांबलचक गल्ली होती, आणि दुकानदार अजून जांभया देत फळ्या काढत होते.

"काय झालं? खडा गेला का?" वहिनींनी विचारलं.

"खडा कशाला जातोय. धने बघते."

बुटातून चिंधीची एक चपटी पुरचुंडी निघाली. वन्संनी गाठ सोडून धने तळहातावर ओतले आणि डोळ्यांजवळ नेले. काही मधोमध उकलले होते, डाळीसारखे. काही अजून गोल गरगरीत, हट्टी.

"होतायत," त्या समाधानाने म्हणाल्या. "घड्याळवाल्यांच्या जिन्यापर्यंत होतील सगळे."

धन्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात. अख्खा पेरला तर तो मातीत रुसून बसतो, वेगळा करून पेरला तर लवकर उगवतो. लोक धने लाटण्याने रगडतात. वन्संना ते पटत नसे. लाटण्याखाली निम्म्यांची पूड होते आणि निम्मे तसेच राहतात, असं त्यांचं म्हणणं. टाचेखाली ठेवून माणूस आपल्या चालीने चालला की दाणा बरोबर सांध्यावर उकलतो.

"खायची वस्तू, आणि बुटात!" वहिनी म्हणाल्या. "कोथिंबिरीला मोज्याचा वास आला म्हणजे?"

"इतकी वर्षं खाताय. आला का कधी?"

वहिनी चालता चालता थबकल्या. "म्हणजे इतकी वर्षं..."

"मग काय! तेव्हा चालायला कुठं मिळायचं? लिफ्टमध्ये उभ्या उभ्याच टाच फिरवायचे. साहेब लोकांना वाटायचं, बाईच्या पायाला मुंग्या आल्यात."

"देवा रे," म्हणून वहिनींनी कपाळाला हात लावला, पण हसू काही आवरेना. पुरचुंडी पुन्हा बुटात गेली, नाडी बांधली गेली, आणि दोघी गल्लीत शिरल्या.

बसने जाऊ, असं वहिनी निघतानाच म्हणाल्या होत्या. वन्संनी ऐकलं नाही. "मला आडवं जाऊ द्या हो," त्या म्हणाल्या. "जन्मभर उभीच जात आले."

तेही खरंच होतं. वन्सं म्हणजे वहिनींच्या नवऱ्याची धाकटी बहीण. वडील अचानक गेले तेव्हा मोठा भाऊ शिकत होता, आई आजारी होती, आणि ओळखीच्या कुणीतरी एका मोठ्या कचेरीच्या इमारतीत लिफ्टवर माणूस हवंय म्हणून सांगितलं. बाईमाणूस चालेल का, असं आधी जरा झालं, मग चाललं. जाळीचं दार, पितळी मूठ आणि एक गोल स्टूल. दादा मार्गी लागला की बघू, असं तेव्हा सगळे म्हणत. दादा मार्गी लागला, त्याचं लग्न होऊन वहिनी घरात आल्या, मग आईने अंथरूण धरलं. आई गेली तोवर वन्संच्या लग्नाचं बोलायची सगळ्यांची सवय मोडली होती. आणि वन्संनी स्वतःहून तो विषय काढला नाही. त्या दुःखी होत्या असं नाही. कुणी विचारलं नाही, म्हणून त्याही बोलल्या नाहीत. एवढंच.

घराच्या मागच्या दारापासून कपडे वाळत घालायच्या तारेपर्यंतची जेवढी जागा, तेवढी त्यांची बाग. तेलाचे रिकामे डबे, तडा गेलेली बादली, कुणीतरी टाकून दिलेलं भांडी घासायचं सिंक. सिंकमध्ये पुदिना, कारण तो मोकळा सोडला तर घरात घुसेल. बादलीत गवती चहा. डब्यांत शेपू, ओव्याची जाड लुसलुशीत पानं, आणि लांब लाकडी खोक्यात कोथिंबीर. सकाळी अंघोळ झाली, देवापुढे हात जोडून झाले की वन्सं मागच्या दारी जात. कात्री कधी लावली नाही. नखाने खुडायचं, वरून खुडायचं, आणि खुडताना बोलायचं नाही. त्या वेळी कुणी हाक मारली तर तोंडात पाणी धरल्यासारख्या नुसती मान हलवत.

वहिनी लग्न होऊन आल्या त्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. सासूबाईंनी आतून सांगितलं, जरा कोथिंबीर आण. वहिनी उत्साहाने मागे गेल्या आणि खोकंच्या खोकं मुळासकट उपटून, माती झटकून, छान जुडी बांधून घेऊन आल्या. बाजारातून आणतात तशी. वन्सं कामावरून आल्या, रिकाम्या खोक्यापुढे उभ्या राहिल्या. वहिनी दाराआड, आता काय ऐकावं लागतंय म्हणून अंग चोरून. वन्सं वळल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही तर अख्खी वस्तीच उठवलीत!" आणि हसत सुटल्या. मग त्यांनी वहिनींचा हात धरून पुदिन्यावरून फिरवला. "याला कितीही उपटा, हा जात नाही. तुम्ही आधी याच्यावर हात बसवा."

त्या दिवसापासून ते घर वहिनींना आपलं वाटायला लागलं. माहेरी सांगताना त्या नवऱ्याबद्दल दोन वाक्यं बोलत आणि नणंदेबद्दल दहा.

कामावर जाताना वन्सं गणवेशाच्या खिशात दोन-चार पानं ठेवत. लिफ्ट म्हणजे तेल, लोखंड आणि माणसांचा घाम. खिशातल्या पानांवरून अधूनमधून बोट फिरवलं की तिसऱ्या मजल्यापर्यंत माणसं लांब श्वास घ्यायला लागायची. कुणी म्हणायचं, आज छान वास येतोय. कुणी काहीच म्हणायचं नाही, पण कपाळावरची आठी कमी व्हायची. त्या इमारतीतल्या भिंतीवरच्या घड्याळांची देखभाल करायला एक घड्याळवाला यायचा. हातात छोटी शिडी, खांद्याला पिशवी, बोलणं जवळजवळ नाहीच. एके दिवशी शिडी सांभाळत तो कोपऱ्यात उभा होता आणि वर जाता जाता, कुणाला उद्देशून नाही असा, म्हणाला, "आज ओवा आहे वाटतं."

वासाला नाव घेऊन हाक मारणारा तो पहिलाच. वन्संनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही, पण त्या दिवशी लिफ्ट मजल्याच्या चांगली वीतभर वर जाऊन थांबली.

मग तो खेळच झाला. तो आला की लिफ्टमध्ये शिरताना नाक वर करायचा आणि एकच शब्द बोलायचा. पुदिना. शेपू. गवती चहा. त्याला चकवायला वन्सं कधी दोन पानं एकत्र चुरडून ठेवायच्या. तो दोन मजले विचार करायचा आणि तिसऱ्यावर दोन्ही नावं सांगून बाहेर पडायचा. त्यापलीकडे वर्षानुवर्षं दोघांत अक्षर नाही. मग त्या इमारतीत बटणाची लिफ्ट आली. वन्संना हार घालून, त्यांचं गोल स्टूल त्यांनाच भेट देऊन घरी पाठवलं. स्टुलावर आता ओव्याचा डबा असतो.

आणि थोड्याच दिवसांनी एका सकाळी घड्याळवाला त्यांच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. वहिनींनी विचारलं, कोण हवंय? तो गोंधळला, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, आणि म्हणाला, "आज काय आहे, एवढंच विचारायचं होतं."

"वहिनी, सावकाश," वन्सं म्हणाल्या. "तुम्ही पळताय."

वहिनी खरंच पळत होत्या. मनात नको ते आलं की त्यांचे पाय भरभर पडत. गेल्या महिन्यात तो घड्याळवाला मागच्या दारी, तारेखाली उभा राहून वन्संना म्हणाला होता की माझ्या घरी या. म्हणजे कायमच्याच. आणि वन्सं, ज्यांनी आयुष्यात स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही, त्या म्हणाल्या होत्या, "ऊन बघून सांगते."

तिसऱ्या मजल्यावरचं घर, पुढे अंगण नाही, मागे दार नाही. तिथे ऊन येतं का, किती येतं, ते बघायला दोघी निघाल्या होत्या. दादांना यातलं काही ठाऊक नव्हतं. खोटं बोलायचं नाही म्हणून वहिनींनी "फिरायला जातो" एवढंच सांगितलं होतं. घड्याळवाल्याने किल्ली आधीच देऊन ठेवली होती. "मी दुकानात असेन," तो म्हणाला होता. "मी समोर असलो तर तुम्ही उगाच चांगलं बोलाल."

हे ऐकून वहिनींना तो माणूस आवडला होता, आणि म्हणूनच जास्त भीती वाटत होती. वाईट असता तर बरं झालं असतं. दोन शब्द बोलून मोकळं होता आलं असतं.

जिना जुना पण लखलखीत होता. कठड्याचं लाकूड हातांनी गुळगुळीत झालेलं. दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी घरी लसूण परतत होते. तिसऱ्यावर वन्संनी कुलूप काढलं आणि दोघी दारातच उभ्या राहिल्या.

भिंतभर घड्याळं होती. पण सगळी गप्प. लंबक हाताने धरून ठेवल्यासारखे सरळ लटकत होते. टेबलावर झाकलेला थर्मास, दोन कप, आणि कपाखाली कागदाचा चिठोरा: "तुम्ही दचकाल म्हणून बंद ठेवली आहेत. चहात साखर घातलेली नाही, डबा शेजारी आहे."

"बघा, काय माणूस आहे," वन्सं हळूच म्हणाल्या. घड्याळांवर झोप उतरलेली, तिथे मोठ्याने बोलायला जीभच वळेना.

एक खोली आणि पलीकडे स्वयंपाकघर. एक खाट, चादरीला एकही सुरकुती नाही. एक खुर्ची. रुंद खिडकी, आणि खिडकीच्या कट्ट्यावर मातीची सुंदर कुंडी. कुंडीत कोथिंबीर.

वन्सं जवळ गेल्या. वाकल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. वहिनींना वाटलं रडतायत, म्हणून त्या धावल्या. कुंडीच्या मधोमध बाजारातून आणलेली कोथिंबिरीची जुडी रोवलेली होती. मुळं कापलेली, देठांना बांधलेला दोरा तसाच. माती ओली, नीट दाबलेली. पानं मात्र वाळून कागद झाली होती.

"रोज पाणी घालत असणार हो," वन्सं डोळे पुसत म्हणाल्या. हसून हसून आलेलं पाणी होतं ते. निदान बरंचसं. "दोरासुद्धा सोडला नाही. एकीनं मुळासकट उपटली, एकानं मुळांवाचून लावली. माझ्या वाट्याला माणसं कशी येतात बघा!"

वहिनीही हसल्या, आणि हसतानाच त्यांची नजर खाली गेली. फरशीवर पेन्सिलीच्या रेषा होत्या. खिडकीखालून सुरू होऊन खोलीभर पसरलेल्या, तिरप्या, एकापुढे एक. कुठे दाट, कुठे विरळ. काही खुर्चीच्या पायांना वळसा घालून गेल्या होत्या, एक खाटेच्या कडेवरून चढून भिंतीवर गेली होती. प्रत्येक रेषेच्या टोकाशी बारीक अक्षर होतं, पण पुसट. पहिल्यांदा दोघींनाही काही कळेना. मग वन्सं खाली बसल्या आणि एका रेषेवर बोट ठेवून म्हणाल्या, "वहिनी, हे ऊन आहे."

ऊन जिथे जिथे पाऊल टाकतं, तिथे तिथे घड्याळवाल्याने खूण करून वेळ लिहिली होती. दुकानातून वर येऊन, पेन्सिल काढून, गुडघ्यावर बसून. किती दिवस हे चाललं असेल, देव जाणे.

पण ऊन स्वतः अजून आलं नव्हतं. समोरच्या इमारतीच्या गच्चीमागे ते अडलं होतं. खोलीत निळसर, पाण्याखालच्यासारखा उजेड होता. दोघींनी चहा ओतला. वन्सं भिंतीला टेकून फरशीवरच बसल्या, वहिनी खुर्चीत.

आता कबूल करायला हवं की वहिनी तेव्हा मनातल्या मनात प्रार्थना करत होत्या, आणि ती चांगली नव्हती. देवा, ढग येऊ दे. एखादा मोठा, भक्कम ढग. आजच्या दिवस येऊ दे, मग पुन्हा काही मागणार नाही. सकाळी उठल्याबरोबर मागच्या दाराकडे बघायचं आणि तिथे पाठमोऱ्या वन्सं नाहीत, हे त्यांच्याने कल्पनेतही धरवत नव्हतं. लेक सासरी गेली तेव्हा त्या रडल्या, पण वन्सं घरात होत्या म्हणून रडता आलं होतं. मागच्या दारी भांडी घासायला बसावं आणि शेजारी दुसऱ्या बाईने न बोलता पानं खुडावी, याला काही नाव नाही. नाव नसलेली गोष्ट मागायची कशी? आणि आपण मागतोय काय, तर एका जिवाच्या वाटेत सावली. वहिनींना स्वतःची लाज वाटली. त्यांनी प्रार्थना मधेच सोडून दिली आणि नुसतं देवाचं नाव घेत बसल्या. तू बघ काय ते, म्हणाल्या.

आणि ऊन आलं. गच्चीच्या कठड्यावरून आधी एक सोनेरी किनार उतरली, मग कट्टा उजळला, मेलेल्या कोथिंबिरीची सावली फरशीवर नाजूक जाळीसारखी पडली. उन्हाची कड पहिल्या रेषेला जाऊन अशी टेकली की वन्संनी श्वास रोखला.

मग वन्सं उठून उन्हात जाऊन बसल्या. अगदी मधोमध, मांडी घालून, हात गुडघ्यांवर. ऊन पुढे सरकलं की त्याही थोड्या सरकायच्या. पहिल्या रेषेवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर. कुठे ते दाट पडतं, कुठे खिडकीच्या गजांनी फाटतं, हे बघत तळवा वर करून त्याचं वजन घेतल्यासारखं करायच्या. "इथं पुदिना," पुटपुटायच्या. थोड्या वेळाने, "इथं गवती चहा, पण बादली नको, उंच डबा." थकलेला चेहरा, मिटलेले डोळे, कपाळावर ऊन. गप्प घड्याळांच्या मधून त्या अशा सरकत होत्या, की जणू ती खोलीच हळूहळू कुठेतरी वर चालली आहे.

वहिनींचा डोळा लागला. स्वप्नात त्या जाळीच्या दाराच्या लिफ्टमध्ये होत्या. खाली फरशी नव्हती, काळी ओली माती होती, आणि गुडघाभर कोथिंबीर. लिफ्ट मजल्यामागून मजले वर जात होती, वर छप्पर नव्हतं, आणि प्रत्येक मजल्यावर कुणीतरी उभं होतं. सासूबाई, वहिनींची आई, लहानपणीची लेक. सगळे लांब श्वास घेऊन म्हणत होते, आज काय आहे? वन्सं पितळी मुठीवर हात ठेवून पाठमोऱ्या उभ्या होत्या. वहिनी त्यांना हाक मारत होत्या, पण त्या पानं खुडत होत्या ना, म्हणून नुसती मान हलवत होत्या.

जाग आली तेव्हा चहा निवला होता. ऊन खाटेच्या कडेवर चढलं होतं आणि वन्सं खाटेला टेकून त्याच्या शेवटच्या पट्ट्यात बसल्या होत्या. कुंडीतली वाळकी जुडी काढून त्यांनी बाजूला कागदावर ठेवली होती. माती मोकळी केलेली दिसत होती. बूट पायात नव्हते.

"पेरले?" वहिनींनी विचारलं.

"नाही. हात धुवून नुसती बसले. तुम्हाला विचारल्याशिवाय नाही." वन्संनी पाय जवळ ओढून घेतले. "तुम्हाला काय वाटतं, वहिनी? खरं सांगा. पुरेल का?"

किती सोपं होतं. नाही पुरणार, एवढंच म्हणायचं. वन्संनी ऐकलं असतं, वहिनींचा शब्द त्या कधी खाली पडू देत नसत. वहिनींनी फरशीवरच्या रेषा पाहिल्या. गुडघ्यावर बसून, पेन्सिल धरून, उन्हाची वाट पाहणारा माणूस त्यांना दिसला.

"पुदिन्याला भरपूर आहे," त्या म्हणाल्या. "शेपूलाही होईल. कोथिंबिरीला जरा कमी पडेल, लांबुडकी वाढेल. पण वाढेल."

"मलाही तसंच वाटतं."

"आणि या माणसाला आधी खुडायला शिकवा. नाहीतर दोऱ्यासकट खाईल."

वन्सं हसल्या. मग हसू ओसरलं आणि बराच वेळ दोघी उन्हाची कड भिंतीवर चढताना पाहत राहिल्या. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. घंटी थांबल्यावर वन्सं उठल्या, वहिनींच्या खुर्चीजवळ येऊन बसल्या आणि त्यांच्या मांडीवर हात ठेवला. धुतलेल्या हातालाही मातीचा आणि कसल्या तरी पानाचा वास येत होता.

"आज जेवणं झाली की दादाशी बोलणार आहे," त्या म्हणाल्या. "मीच बोलेन. तो आधी चिडेल. मग म्हणेल, लोक काय म्हणतील, या वयात काय हे. त्याचं मला काही नाही, त्याचा राग सकाळपर्यंत विरघळतो, लहानपणापासून बघतेय. मी ठाम राहीन."

"राहा ना. मी आहे की शेजारी."

"तेच सांगायचंय." वन्संची बोटं वहिनींच्या साडीच्या काठावर फिरत राहिली. "तुम्ही शेजारी बसा. पण वहिनी, एवढं ऐका माझं. मला 'राहा' म्हणू नका. आजही नको, मी सामान बांधत असताना नको, दारात नको. डोळ्यांनीसुद्धा नको. तुम्ही म्हणालात तर मी राहीन."